वास घेणारा माणूस

लेकीला थोपटून थोपटून झोपवली, घर शांत झालं, हिशेबाची वही उघडली, तोच... खळ्ळ! दाराची कडी. लेक टुणकन उठून बसली. माझं डोकंच फिरलं.

दारात तोच, प्रदूषण ऑफिसातून येणारा वास घेणारा! कुंपणाशी उभं राहून आमच्या डुकरांच्या वासाला शून्य ते पाच आकडा द्यायचा, हे याचं काम. दोनदा चार दिलेला. तिसरा चार मिळाला की शेडला टाळं. नवरा गेल्यापासून आम्हां मायलेकींचं पोट याच शेडवर.

आणि तक्रार कोणाची? पलीकडच्या नव्या बंगल्यांची! डुकरं आधीची, बंगले कालचे – पण ऐकतो कोण!

"चहा विचारणार नाही," मी तोफ डागली. "दोनदा नको म्हणालात. आमच्या कपाची किळस येते ना?"

तो गोरामोरा झाला. "अहो, वास घ्यायच्या दिवशी चहा चालत नाही. कांदा नाही, अत्तर नाही... नाक कोरं लागतं."

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलू कुठे देता?"

मेल्याच्या पापण्या मात्र लांब होत्या.

"घ्या, घ्या वास! खड्ड्यातल्या मैल्यावर हातभर पेंढा अंथरलाय. पेंढा अंथरा, असं गेल्या नोटिशीच्या मागे तुम्हीच खरडलं होतंत ना? हातांना फोड आलेत माझ्या."

त्याने माझ्या तळहातांकडे पाहिलं. बराच वेळ.

"सकाळी दुसरा माणूस कुंपणावरून वास घेऊन गेला," तो हळूच म्हणाला. "दोन दिलेत त्याने. शेड वाचली."

मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण तोंड थांबेल तर ना! "दुसरा का? माझ्या जिभेला भ्यालात?"

"मीच मागून घेतलं तसं. तुमच्या कुंपणाशी आलो की... माझं नाक कोरं राहत नाही."

"आणि आधीचे ते दोन्ही चार?"

"ते चारच होते."

खोटंसुद्धा बोलता येत नाही या माणसाला! कान तापले माझे.

"आज चहा चालेल," तो म्हणाला. "...विचारलात तर."

मी पाठ फिरवून आधण ठेवलं. साखर दोनदा पडली. लेक पदर ओढत होती.

"आई, काका आज वास घ्यायला नाही आले?"

"नाही गं."

"मग कशाला आले?"