निरोगी नमुना

नवरा शिडीवरून पडला त्याला अकरा दिवस झाले, आणि अकराही दिवस ती कामावर आली. काय दगडाच्या काळजाची बाई, लोक म्हणाले. म्हणोत बापडे! हॉस्पिटलात वर चार नंबरच्या खाटेवर तो बेशुद्ध होता आणि खाली तळघरात तिची प्रयोगशाळा. आणखी कुठे जाणार होती ती?

डोक्याला मार बसला की मेंदू स्वतःच एंडोकॅनाबिनॉइड नावाची, गांजातल्यासारखी द्रव्यं वाढवतो. पेशी जाळत सुटलेल्या कणांना ती विझवतात, असं मोठे डॉक्टर सांगत. लॅबमध्ये सगळे त्यांना ‘घरचा गांजा’ म्हणायचे. जखमींचं रक्त रोज मोजायचं आणि तुलनेला एका धडधाकट माणसाचं. तो धडधाकट माणूस म्हणजे तीच.

बाराव्या दिवशी तिचा आकडा चौपट आला, अगदी डोकं फुटलेल्या माणसासारखा. नवऱ्याचा उतरला होता.

“ताई, नळ्यांची अदलाबदल झालीय,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“वीस वर्षांत कधी झाली नाही हो.”

तिने पुन्हा रक्त काढलं, स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली. तोच आकडा. तिला तर साधी टपलीही लागली नव्हती.

त्या दुपारी नवऱ्याचं बोट हललं.

तेराव्या दिवशी तिचा आकडा आणखी चढला, आणि त्याने पापणी हलवली. ती घरी निघाली तर आपल्याच घराचा मजला आठवेना. चौदाव्या दिवशी बहिणीचा फोन आला, आवाज ओळखता येईना. “डोकं ठिकाणावर नाही गं,” म्हणून तिने हसण्यावारी नेलं. पण तो तिच्याच डोक्यातून घेऊन बरा होतोय, हे मनात ती समजून चुकली होती. भीती वाटली, नाही असं नाही.

तरी ती त्याच्या कानाशी वाकली. “घे. लागेल तेवढं घे. पण एकदा हाक मार रे मला. जीव तुटतोय माझा.”

सतराव्या दिवशी सकाळी ती वर गेली. कशाला आले, ते दारातच विसरली.

चार नंबरचा पेशंट जागा होता. तिला बघताच त्याचे डोळे भरून आले.

“अगं,” तो पुटपुटला. “अगं, ये ना.”

गोड माणूस वाटला तिला. तिने त्याचा हात थोपटला.

“रडू नका हो. मिसेस बाहेर असतील ना तुमच्या? थांबा, बोलावते.”