गाठ मारलेलं फडकं

थांब, थांब! ते फडकं बाजूला टाक आधी.

अरे भाच्या, आत्ता तुझ्या हातातून ते फरशीवर पडलं. तू उचललंस, दोनदा झटकलंस आणि लागलास नवी गाडी पुसायला. झटकून खडे जातात होय? उद्या उन्हात बघशील तेव्हा रडशील. हसा, तुम्ही बाकीचे हसा खुशाल. चाळीस वर्षं गाड्यांना रंग मारलाय मी. तुम्ही आयुष्यात जेवढी हवा घेतली नसेल तेवढा रंग माझ्या नाकात गेलाय. आणि पडलेल्या एका फडक्यापायी चांगला माणूस कसा कामातून गेला, तेही मला ठाऊक आहे. त्या रात्री मी तिथे नव्हतो. सकाळी होतो. रात्रीचं त्याने स्वतः सांगितलं, आणि तो थापा मारणारा नव्हे.

ऐकायचंय? मग दिवा राहू दे, बसा. मात्र रात्री एकट्याने उठायची पंचाईत झाली तर मला हाका मारू नका.

दोन साडू होते. सख्ख्या बहिणींचे नवरे. एकाच शेडमध्ये दोघं गाड्यांच्या पॉलिशचं काम करायचे. माझं रंगाचं दुकान त्यांच्या शेजारीच, त्यामुळे दोघंही मला ‘रंगारी’च म्हणत. आता पॉलिश म्हणजे तुम्हाला वाटतं, गाडी धुतली, चोळली, झालं. तसं नसतं बाबांनो. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ. उन्हात त्यावर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते ना, ते सगळे बारीक ओरखडे. मशीनने तो थर इतकाच घासायचा की ओरखडे जावेत आणि थर राहावा. जरा जास्त दाबलं की रंगच जळतो. मग यायचं माझ्याकडे, तोंड पाडून.

थोरल्याला काम येत होतं. धाकट्याला हात होता. थोरल्याने केलेली गाडी बघून लोक म्हणायचे, ‘स्वच्छ झाली.’ धाकट्याने केलेली गाडी बघून काही बोलायचेच नाहीत. नुसते उभे राहायचे.

आणि धाकट्याची एक रीत होती. फडकं खाली पडलं की लगेच त्याला गाठ मारायची. घट्ट, दोन वेढ्यांची. मग ते चाकं पुसायच्या बादलीत. गाठ दिसली की चुकूनही कुणी ते रंगाला लावणार नाही. थोरला त्याची टिंगल करायचा. “काय रे, गाठी मारून नवस बोलतोस का?” धाकटा आपला हसायचा. “दादा, जमीन सगळं लक्षात ठेवते,” म्हणायचा.

हे हसणंच थोरल्याच्या डोळ्यांत खुपायचं. गिऱ्हाईक दारात आलं की विचारणार, “धाकटे आहेत का?” घरी जेवायला बसला की बायको म्हणणार, “धाकटीच्या नवऱ्याकडे बघा जरा.” त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची काळी गाडी. काळा रंग म्हणजे परीक्षा, त्यात काही लपत नाही. ती गाडी धाकट्याखेरीज कुणी हातात घ्यायची नाही, असं त्या थोरल्याच्या तोंडावर सांगायच्या.

एकदा ती गाडी तयार होती. बाई न्यायला येणार होत्या. आणि थोरल्याने काय करावं? चाकांच्या बादलीतलं एक फडकं काढलं. गाठ सोडली. वरवर धुतलं, वाळवलं, छान चार घड्या घातल्या आणि धाकट्याच्या स्वच्छ फडक्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं. सगळ्यात वर.

बाई समोर उभ्या. धाकट्याने शेवटचा हात म्हणून बॉनेटवरून फडकं फिरवलं. तीन ओरखडे. नख अडकेल एवढे खोल.

बाई तशीच गाडी घेऊन गेल्या. धाकटा त्या फडक्याकडे बघत राहिला. मग थोरल्याला म्हणाला, “गाठ मारायची विसरलो असेन मी, दादा.”

आणि थोरला म्हणाला, “होतं असं कधी कधी.”

ऐकलंत ना? हे असं बोलला तो.

त्यानंतर धाकट्याचा हातच बसेना. एकेक फडकं दहादा तपासायचा. सहा महिन्यांत गेला बिचारा, रात्री झोपला तो उठलाच नाही. थोरला सगळ्यांत जास्त रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण मनात कुठेतरी त्याला हायसंही वाटलं होतं, हे त्यानेच मला पुढे सांगितलं.

आता त्या रात्रीचं. अकरा वर्षं झाली. जानेवारीची सोळा तारीख, गुरुवार. रात्री नऊला तो माझ्याकडे हातदिवा मागायला आला. माझा दिवा फार कडक होता, केसाएवढा ओरखडाही पकडायचा. आणि पॉलिशचं बारीक काम रात्रीच करतात, रस्त्यावरची धूळ बसल्यावर. “आज कोणाची गाडी?” मी विचारलं.

“डॉक्टरीणबाईंची. अजून तसेच ठेवलेत ते तीन ओरखडे. कुणाला हात लावू दिला नाही म्हणे. आज माझ्याकडे टाकली.”

“मग चांगलंय की!”

“चांगलं कसलं? जाताना म्हणते कशी, ‘त्यांच्यासारखं होणार नाही, पण बघा जमतंय का.’” त्याचे कान लाल झाले होते. “रंगारी, उद्या सकाळी आठला ये. माझं काम त्याच्यापेक्षा चांगलंय असं तिच्या तोंडून काढतो. ऐकायला तू हवास.”

एवढंच हवं होतं त्याला. एक वाक्य. मेलेल्या माणसापेक्षा तू चांगला, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

दार आतून लावून तो कामाला लागला. उजवी बाजू घेतली आधी. जीव ओतला. रात्री दीडला उजवी बाजू संपली. त्याने दिवा उजवीकडेच लावून ठेवला आणि मागच्या नळावर पाणी प्यायला गेला.

परत आला तर दिवा डावीकडे होता.

असेल, आपणच ठेवला असेल, असं म्हणाला. मशीन उचललं. डावं मागचं दार करायला वाकला...

झालं होतं ते.

झालं म्हणजे कसं? विहिरीतल्या पाण्यासारखं. आत बघावं तर खोलच. त्याने हात लावला. दार गरम होतं. नुकतं मशीन फिरल्यावर होतं तसं.

मशीन त्याच्या हातात. बंद.

आणि पुढून आवाज आला. सुळ्ळ... सुळ्ळ... फडकं फिरल्याचा.

उठून बघितलं. कुणी नाही.

पुढचं दार त्याच्या डोळ्यांदेखत उजळत होतं. हळूहळू. कडेकडेने. मग चाकावरचा पत्रा. मग बॉनेट... डावी अर्धी बाजू. ते तीन ओरखडे होते तिथे आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

मग पुन्हा. सुळ्ळ...

ओरखडे गेले. नख अडकेल एवढे ओरखडे पॉलिशने जात नसतात रे. जातच नाहीत. ते गेले.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात. कुणीही पळेल. हा पळाला नाही. पाचावर धारण बसली होती, तरी अंगाचा तिळपापड झाला त्याचा. कारण त्याने एकदा डावी बाजू बघितली. एकदा उजवी. आणि त्याला कळलं...

आपली बाजू कमी पडली.

“मेल्यावर तरी सोड ना मला!” असा ओरडला तो. खांद्यावरचं फडकं जमिनीवर फेकलं. चपलेने रगडलं. चांगलं, खडे घुसेपर्यंत. उचललं. आणि गेला डावीकडे.

दिवा विझला.

काळोख. आवाज नाही... काही नाही.

अंधारातच त्याने बॉनेटवर फडकं दाबलं. ओढलं. एकदा. दोनदा. तीनदा.

दिवा लागला.

तो उजवीकडे उभा होता. त्याच्या स्वतःच्या बाजूला. समोर तीन ओरखडे.

आणि हातातल्या फडक्याला गाठ होती.

दोन वेढ्यांची.

...

सकाळी आठला मी गेलो. तो स्टुलावर बसला होता, राखेसारखा. “काय झालं रे?” म्हटलं. तेवढ्यात बाई आल्या. डावीकडून आल्या. गाडीसमोर थांबल्या आणि काही बोलल्याच नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. दारावर तळवा ठेवला. डोळे भरून आले त्यांचे.

“कोणी केलं हे?”

माझ्या डोळ्यांदेखत तो उठला आणि म्हणाला, “मी.”

बाई फिरून उजवीकडे गेल्या. ते तीन ओरखडे बघितले. ती बाजू बघितली. स्वच्छ होती, नाही असं नाही.

“मग ही बाजू कोणी केली?” बाईंनी विचारलं.

बाई गेल्यावर माझ्यापाशी सगळं बोलला, त्या जुन्या फडक्यापासून. त्यानंतर मशीनला हात लावला नाही त्याने. आता एका गोदामावर पहारा करतो.

मागच्या महिन्यात गेलो होतो त्याच्या घरी. दोघंच होतो, बायको बाहेर गेली होती. धाकट्याची बायको दोन गल्ल्या सोडून राहते. अजून तिला वाटतं की नवरा स्वतःच्या चुकीच्या धसक्याने गेला. मी म्हटलं, “अरे, जा आणि सांगून टाक तिला. म्हातारे झालो आपण.”

तो मांडीवरचा रुमाल घडी घालून पुन्हा उलगडत होता. रुमाल घसरला, खाली पडला. त्याचं लक्ष नव्हतं.

“नाही सांगणार,” म्हणाला.

“का रे बाबा?”

“सांगितलं तर पुन्हा तोच मोठा ठरेल.”

दोन्ही हात मांडीवर ठेवून तो खिडकीबाहेर बघत होता. आता रुमाल तरी द्यावा म्हणून मी वाकलो... आणि तसाच राहिलो.

रुमालाला गाठ होती. घट्ट. दोन वेढ्यांची.