गिळलेली लाल पट्टी

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण जितेश माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आजही वाकत नाहीत.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मोहोपाड्याजवळचा एक केमिकलचा कारखाना. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची!

टाकीत किती गॅस आहे हे ब्राउझरमध्ये दाखवणारं पान जितेशनं बनवलं होतं. आकडा सर्व्हरवरून यायचा. सर्व्हर अडला की पानावर लाल पट्टीत एरर दिसायची. कारखान्याचे मॅनेजर जगदीशसाहेब, त्यांच्या ती डोळ्यात खुपायची.

"पाहुण्यांसमोर शोभा नको. काढ ती!"

या बाबानं काय करावं? सर्व्हरकडून कुठलीही एरर आली की पानानं ती गुपचूप गिळायची आणि आधीचाच आकडा दाखवत राहायचं, असा कोड लिहिला. पट्टी गेली. साहेब खूश.

त्या दुपारी रोहिदास नावाचा कामगार टाकी साफ करायला उतरणार होता. त्याच्या कमरेचा दोर धरून त्याचा जोडीदार पदू वर उभा. आत ऑफिसात जितेशसमोर पानावर हिरवंगार शून्य, म्हणजे टाकीत गॅस नाही.

आणि तेवढ्यात... लाल पट्टी आली.

तिच्यावर एररच्या जागी लिहिलेलं, 'उतरू नको रं.'

जितेशनं सर्व्हर सांभाळणाऱ्या नम्रताला फोन लावला. "काय गं, मस्करी करतेस?"

"कसली मस्करी? सर्व्हर सकाळपासून बंद आहे. माझ्याकडून काहीच जात नाहीये."

म्हणजे ते शून्य कालचं!

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण साहेब पाहुण्यांना घेऊन दारात उभे. मेल्यानं आधी ती पट्टी घालवायला कीबोर्डवर हात टाकला.

धाड्!

लॅपटॉपचं झाकण बोटांवर आपटलं. पुन्हा आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज दारापर्यंत गेला. मग कुणीतरी केस धरून त्याचं तोंड टेबलावर हाणलं. एकदा... दोनदा... दात सांडले.

त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

रक्तानं भरलेल्या तोंडानं तो बाहेर धावला. तोवर रोहिदास आत उतरला होता.

"पदू, ओढ त्याला! ओढ!"

"दोर ढिला पडलाय रं! भारच लागत नाय!"

टाकीतून... आवाज नाही. खोकला नाही. काहीच नाही.

आणि एकदम रोहिदास टाकीच्या तोंडातून बाहेर फेकला गेला. लोखंडी कडेवर आपटून बरगड्या मोडल्या, पण श्वास चालू होता. दोर पदूच्या हातात तसाच ढिला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो जितेशला म्हणाला, "एकानं खालनं ढकाललं, म्हून वाचलो. पन दादा, खाली दोघं व्हते. दुसरा माझा पाय सोडत नव्हता."

त्याच्या पोटरीचं मांस ओरबाडून निघालं होतं. मी स्वतः पाहिलंय.

कारखान्यातली माणसं सांगतात, त्या टाकीत आजवर एकच जण मेलाय. ठाकूरवाडीतला धाऊ, असाच साफ करायला उतरलेला.

मग दुसरा कोण होता... देव जाणे. मी तर आता त्या रस्त्यानं जातच नाही.