उलट्या बाजूने येणारी गाडी

"थांबा! ती बघा, पुन्हा आली!"

निकिताने इतका करकचून ब्रेक दाबला, की मागून येणारा भारत सायकलसकट तिच्या कॅरिअरवर आदळला.

"अगं, मागे माणसं आहेत!"

"माणसं? मला तर एकटा तूच दिसतोयस!"

दिशाचं या भांडणाकडे लक्षच नव्हतं. एरवी शिफ्ट सुटली की सातपूरच्या या कारखान्यांच्या रस्त्यावर मोटरसायकलींमधून मुंगीलासुद्धा वाट मिळायची नाही. पण दिवाळीमुळे कारखाने बंद होते, आणि आठवीतल्या या तिघांना सायकलींच्या शर्यतीसाठी अख्खा रस्ता मोकळा मिळाला होता. त्या ओसाड रस्त्यावरून आता एक पांढरी गाडी सावकाश येत होती. तीही चक्क उलट्या बाजूने! रस्त्याच्या उजव्या कडेने!

"कालही सकाळी बरोबर याच वेळी, सातला, अशीच जात होती," निकिता कुजबुजली.

तिघांनी सायकली चहाच्या बंद टपरीमागे ओढल्या. गाडी चौकात आली. चौकात ना माणूस, ना कुत्रं. तरी ती थांबली, इंडिकेटर दाखवून वळली आणि पुन्हा उजव्या कडेला जाऊन चिकटली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर टोपी होती आणि तोंडाला मफलर.

"चोर!" भारतने निकाल देऊन टाकला. "बंद कारखान्यांतलं तांबं पळवायला आलाय!"

"इंडिकेटर दाखवून वळणारा चोर?"

"शिकलेला असेल!"

"मग चुकीच्या बाजूने का चालवतो?" दिशाने विचारलं. उद्या सकाळी सातच्या आत टपरीमागे दबा धरायचा, असं ठरवून तिघं घरी पळाली.

दिशाच्या घरी वेगळीच गडबड होती. पाच दिवसांनी आई, बाबा, दिशा आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ कुंदन जॉर्जियाला जाणार होते. पहिलाच परदेश प्रवास! पलंगावर स्वेटरांचा डोंगर झाला होता, आणि त्या डोंगरावर कुंदन बसला होता.

या प्रवासापायी घरात दोन महिने एकच वाद चालला होता. तिथे फिरायला गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, की तिथला ड्रायव्हर ठरवायचा?

"तिथल्या डोंगरांत आता बर्फ पडायला लागेल," आई म्हणायची. "वाहनं आपल्या उलट, उजव्या बाजूने चालतात. रोज त्या रस्त्यावर असणारा माणूस बरा."

"पंधरा वर्षं गाडी चालवतोय मी!" बाबा म्हणायचे. "कसारा घाट डोळे मिटून उतरतो! परक्या माणसाच्या मागे गप्प बसून कसले डोंगर बघायचे? आणि ड्रायव्हर म्हणजे तरी काय? स्टिअरिंग धरून बसायचं, एवढंच ना!"

हे शेवटचं वाक्य बाबा बोलले तेव्हा भारत तिथेच पोहे खात होता. भारतचे वडील, सुनीलकाका, मूळचे त्र्यंबककडच्या हरसूल गावचे. नाशिकला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना त्र्यंबकेश्वरपासून द्राक्षाच्या मळ्यांपर्यंत आपल्या गाडीतून फिरवायचे. भारतने बशी खाली ठेवली, "येतो मी," म्हणाला आणि निघून गेला. दिशाला आजही ते आठवलं की कानकोंडं व्हायचं.

शेवटी आईचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं होतं. गिओर्गी नावाचा ड्रायव्हरही ठरला होता.

"अहो, गिओर्गी विमानतळावर येणार ना घ्यायला?" आईने जेवताना विचारलं.

बाबांना अचानक ठसका लागला. "ठरलंय गं सगळं," पाणी पिऊन ते म्हणाले, आणि ताटातली नसलेली भाजी कालवू लागले. दिशाने त्यांच्याकडे बघितलं. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आत तिघं टपरीमागे हजर! बरोबर सातला पांढरी गाडी आली, चौकाला दोन फेऱ्या मारून समोरच थांबली. दार उघडलं. मफलर सुटला. टोपी निघाली.

"दिशा," निकिता पुटपुटली, "अगं, हे तर तुझे बाबा!"

बाबा बाटली घेऊन पलीकडच्या गेटवरच्या नळाकडे गेले. भारत मांजरासारखा पळत गेला, काचेतून डोकावला आणि तसाच परत आला.

"स्टिअरिंगजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवलीय. 'उजवीकडेच राहा!' आणि सीटवर भाड्याच्या गाडीच्या बुकिंगचा कागद आहे. वर तुझ्या बाबांचं नाव. कडेला हाताने लिहिलेल्या गिओर्गीच्या नावावर काट!"

आता सगळं लख्ख दिसलं. बाबांनी गुपचूप ड्रायव्हर रद्द केला होता, आणि कोणाला कळू नये म्हणून आपल्या कंपनीतल्या सोमाकाकांची गाडी मागून आणून उजव्या बाजूने चालवायचा सराव करत होते! बाबा आईशी खोटं बोलले होते. तिचे बाबा, ज्यांनी तिला कधी शाळेला दांडी मारायलाही खोटं बोलू दिलं नव्हतं!

"आईला सांगून टाक," निकिता म्हणाली.

"चुगली करू? आणि बाबांना जमत असेल तर? बघ ना, किती नीट चालवतायत!"

"माझ्या पप्पांना विचारू," भारत म्हणाला.

सुनीलकाका दारात गाडी धूत होते. कुणा पाहुण्यांची गोष्ट असल्याचं भासवून भारतने सगळं विचारलं. काकांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"बाजू बदलून चालवनं दोन दिसांत येतं रे. समदं बेस चालतं. खरी गंमत मानूस दचकला की व्हते. तेव्हा डोकं नाय, सवय गाडी चालवते! मागं एक परदेशी सायेब माझी गाडी नको म्हनाला, स्वतः गाडी घेऊन निघाला. लय चांगला चालवायचा. वळनावर समोरून दुधाचा टेम्पो आला. आपुन काय करू? डावीकडं घेऊ. त्यानं त्याच्या देशातल्या सवयीनं सटकन उजवीकडं घेतली. डायरेक्ट टेम्पोवर!"

"मग?" दिशाने विचारलं.

"हात मोडला, जीव वाचला. त्याची बायको बाजूला बसली व्हती. तिला सहा महिने चालता नाय आलं."

दिशा घरी आली, पण तिला कुठेच चैन पडेना. ती गच्चीत जाऊन आली, दप्तर आवरलं, आवरलेलं पुन्हा उपसलं. कुंदन नव्या टोपीत नाचत होता. "दीदी, मी बर्फ खाणार!" तो म्हणाला, आणि तिला रडूच आलं. बाबांना नुसतं सांगितलं तर ते हसतील. पुन्हा ठसका लागल्याचं दाखवून विषय उडवून लावतील. मोठ्या माणसांना तोंडाने सांगून कधी काही पटलंय का?

"दाखवावं लागेल!" ती उठून उभी राहिली.

संध्याकाळी निकिताच्या घरच्या नव्या फ्रीजचा रिकामा खोका तिघांच्या ताब्यात आला. भारतने त्यावर ट्रकचं तोंड रंगवलं. दोन दिवे, जाळी, वर 'शुभ यात्रा'.

"मिशा कशाला काढल्यास?" निकिताने विचारलं.

"ती जाळी आहे!"

"ट्रक नाही, हवालदार वाटतोय!"

"लांबून ट्रकच दिसेल. आणि आत गवत भरायचं, म्हणजे गाडीला ओरखडाही येणार नाही!"

सकाळी त्यांनी जागा नीट निवडली. चौकातून उजवीकडे वळलं की लगेच कारखान्याची उंच भिंत होती. पलीकडचं काही दिसत नसे. वळणाच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात, त्यांनी खोका उभा केला. बाबा चालवत होते त्या परदेशी रिवाजात ती समोरून येणाऱ्यांची बाजू. म्हणजे बाबांनी फक्त आपल्या उजव्या बाजूला राहायचं होतं. बाकी काही नाही! तिघं भिंतीच्या आत लपली. भारतच्या हातात त्याच्या पप्पांच्या गाडीचा जुना हॉर्न आणि बॅटरी होती.

गाडी आली. इंडिकेटर. वळली.

भोंऽऽऽ!

पुढचं सगळं एका क्षणात झालं. खोका दिसताच गाडीने डावीकडे झेप घेतली आणि ट्रकच्या मिशांवर जाऊन धडकली! गवताचा फवारा उडाला. ब्रेक किंचाळले.

बाबा खाली उतरले. चेहरा पांढराफटक. "कोण आहे तिकडे? हा काय आचरटपणा?"

भिंतीआडून आधी दिशा आली, मग बाकीची दोघं.

"दिशा? तू?"

"बाबा, तो तुमच्या बाजूला नव्हताच," दिशा म्हणाली. "तुम्ही त्याच्यावर गेलात."

बाबांनी रस्त्याकडे बघितलं. चाकांचे काळे पट्टे उजवीकडून सरळ डावीकडे गेले होते. ते खोट्या आवाजात हसले. "हॉर्नमुळे झालं. पुन्हा लावा, दाखवतो!"

पुन्हा लावला. बाबा वळले, झकास उजवीकडून निघून गेले. "बघितलंत?"

"खोका तिथे आहे हे माहीत होतं ना आता!" निकिता म्हणाली. "तिथले ट्रक आधी फोन करून येणार आहेत का?"

बाबा इरेला पेटले. "मग आणखी एकदा! कुठेही ठेवा! मी बघणारसुद्धा नाही!"

ते दूर गेले. तिघांनी लगबगीने खोका दोन वळणं पुढे नेला. बाबा पहिल्या वळणावर सावध, उजवीकडून गेले. काही नाही. दुसऱ्या वळणावरही काही नाही. त्यांना हायसं वाटलं असावं, कारण तिसऱ्या वळणावर गाडी थोडी वेगात आली.

भोंऽऽऽ!

गाडी डावीकडे. खोका आडवा!

या वेळी बाबा उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. दिशा धावत खिडकीशी गेली. ठरवून ठेवलेलं सगळं बोलणं ती विसरली.

"बाबा, मागच्या सीटवर मी आणि कुंदन असतो," ती रडत रडत म्हणाली. "आई पुढे असती. मला तुमचा खूप राग आलाय, आणि मला खूप भीती वाटतेय!"

बाबांनी दार उघडलं आणि तिला जवळ घेतलं.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "बर्फातल्या डोंगरातून तुम्हाला मीच घेऊन जावं. लहानपणापासूनची हौस होती गं. त्या हौसेपायी आईशी खोटं बोललो. घरी चल. मी स्वतः सांगतो तिला."

त्यांनी सांगितलं. आई तासभर पलंगावरच्या स्वेटरांच्या घड्या घालत राहिली, आणि तो तास बाबांना वळणावरच्या खोक्यापेक्षा जड गेला असावा. मग ती एवढंच म्हणाली, "आधी त्या गिओर्गीला फोन करा."

गिओर्गीने दुसरे पाहुणे घेतले होते! पण त्याने आपल्या तीन ओळखीच्या ड्रायव्हरांची नावं पाठवली. तीन नावं, तीन हसरे फोटो. यातला भरवशाचा कोण, हे कसं ओळखायचं? बाबा मोबाइलकडे बघत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडले. आले ते सुनीलकाकांना घेऊन.

काका कोचाच्या अगदी कडेला बसले. व्हिडिओ कॉल लागला आणि त्यांचा संकोच कुठच्या कुठे पळाला! पाहुण्यांबरोबर शिकलेलं त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण प्रश्न पक्के होते. पहिल्याला त्यांनी विचारलं, "आदल्या दिवशी किती वाजता घरी येनार? म्हंजी झोप व्हनार का?" तो घुटमळला. दुसऱ्याला म्हणाले, "टायर दाखव." त्याने गाडीचा नवा रंग दाखवला. तिसऱ्याने, लेवानने, काही न बोलता मोबाइल टायरजवळ नेला. बर्फासाठीची खोल नक्षी स्पष्ट दिसली.

"आनि रस्ता बंद असला, पन पाहुना म्हनाला, चल पुढं, तर?"

"मग पाहुण्याने माझ्यावर रागवावं," लेवान म्हणाला. "मी गाडी वळवतो."

काकांनी बाबांकडे बघून मान हलवली. "ह्यो तुमच्या पोरांना परत आनील, सायेब."

लेवानने पलीकडून कुतूहलाने विचारलं, "हे सगळं विचारणारे गृहस्थ कोण?"

भारतने खाली बघितलं. बाबा पुढे झुकले. "हे सुनीलभाऊ," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "आमच्याकडचे ड्रायव्हर आहेत. यांच्या कामातलं मला काही कळत नव्हतं. ते मला या मुलांनी शिकवलं."

लेवान पडद्यावर ताठ झाला आणि छातीवर हात ठेवून त्याने वाकून नमस्कार केला. सुनीलकाका गडबडून उभेच राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

"शाब्बास रे पोरांनो!" आई तिघांना एकदम कवेत घेत म्हणाली. "ज्यांना आम्ही सांभाळायचं, त्यांनीच आम्हाला सांभाळलं!"

भारतने मात्र यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. तो आपल्या पप्पांकडे बघत होता. मग त्याने जाऊन त्यांच्या शेजारी कोचावर जागा केली. सुनीलकाका या वेळी नीट मागे टेकून बसले.