शिडीजवळचा नॉब

चष्मेवाले दुकानात शिरले तेव्हा मी एका जुन्या रेडिओच्या सुटलेल्या वायरीला डाग देत बसलो होतो. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी काखेतला अॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, ह्याच्यापेक्षा दांडगा द्या. होडीवर आवाज पडतोय."

"पडतोय म्हणजे? घसा बसलाय की काय त्याचा?"

एरवी ते हसले असते. त्यांचं चष्म्याचं दुकान आणि माझं रेडिओ-स्पीकर दुरुस्तीचं, मध्ये एक भिंत. गावाचे डोळे तुमच्याकडे आणि कान माझ्याकडे, असं मी त्यांना नेहमी म्हणायचो. त्या दिवशी मात्र ते नुसते माझ्या हातातल्या, डाग द्यायच्या तापलेल्या कावियाकडे बघत राहिले.

त्यांची बायको तळ्यात बुडून गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर होडीचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा काढलं. महिनाभर रोज संध्याकाळी एकटेच होडी काढतात, हेही मला तेव्हाच कळलं.

मी अॅम्प्लिफायर उघडला. मीटर लावला. एकही डाग सुटलेला नव्हता. दुकानातल्या स्पीकरला जोडला, तर भिंतीवरची पाल पळाली इतका खणखणीत वाजला.

"ह्याला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"तरी दांडगा द्या. ह्याच्या दुप्पट."

मी फळीवरचा मोठा अॅम्प्लिफायर काढला. त्यांच्यासमोर फार बोलणं मला दीड वर्ष जमत नव्हतं. त्याचं कारण माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं.

ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल.

होडी छोटीशी, मोटरची, वर कापडाचं छत, मागे पाण्यात उतरायला चार पायऱ्यांची लोखंडी शिडी. आधी तिच्यात दोन किरकोळ स्पीकर होते. चष्मेवाल्यांना गाण्याचा भारी षोक. मीच त्यांना भरीला घातलं. चार नवे स्पीकर, बाकाखाली बासचा डबा, पुढे सुकाणूजवळ आवाजाचा नॉब. पहिल्या दिवशी लावलं तेव्हा धक्क्यावरची माणसं उभी राहून ऐकत होती आणि माझी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. मी तिला बाई म्हणायचो. रोज संध्याकाळी होडी लव्हाळ्याच्या कडेला थांबवायची, ह्यांनी गाणी ऐकायची आणि बाईंनी पोहायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

"काका, तुम्ही ह्यांना बहिरं करून ठेवलंत," त्या म्हणाल्या. "काल पाण्यातून चार हाका मारल्या, टॉवेल टाका म्हणून. हे आपले मान डोलवतायत! मागे शिडीजवळ एक नॉब बसवून द्या की. पाण्यातून माझा हात पोचेल असा."

"देतो की. त्यात काय."

"आणि ह्यांना बोलू नका. एक दिवस पाण्यातूनच हळूहळू आवाज कमी करत नेते, मग बघा कसे दचकतात ते." आणि त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

मी रबरी टोपीचा, पाणी न शिरणारा नॉब आणून ठेवला. पण वायर मागपर्यंत न्यायची तर तळाच्या फळ्या उचकटायला हव्या. गुडघे दुखत होते. म्हटलं, पुढच्या रविवारी करू. तो रविवार गेला. बाई रस्त्यात भेटल्या, बोट दाखवून म्हणाल्या, "काका, विसरलात ना?" मी जीभ चावली, म्हटलं, ह्या रविवारी नक्की. तोही गेला.

तिसऱ्या रविवारच्या आधीच ते घडलं. होडीवर गाणी चालू होती. चष्मेवाल्यांनी वळून पाहिलं तेव्हा मागे नुसतं पाणी.

नॉब खणात राहिला. मी कुणाला बोललो नाही.

तर त्या दुपारी मी नवा अॅम्प्लिफायर होडीवर चढवला. सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या, बॅटरी मोजली. धक्क्याला बांधलेल्या होडीत तासभर गाणी वाजवली. जरा म्हणून आवाज हलला नाही.

"झालं की," मी म्हणालो.

"इथे नाही पडत," चष्मेवाले म्हणाले. "तिकडे पडतो. चला ना काका माझ्याबरोबर. एकदाच."

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

सूर्य बुडून गेला होता, पण उजेड अजून होता. पाण्यावर वारा नाही. लव्हाळ्याजवळ आलो तसा कुजक्या पाल्याचा ओला वास यायला लागला. त्यांनी मोटर बंद केली. गाणं मोठ्याने वाजत होतं, बाकाच्या फळ्या पायाखाली थरथरत होत्या. मी मनात म्हटलं, वाजतंय की, उगाच ह्यांच्या मनाचे खेळ.

आणि आवाज उतरायला लागला.

वायर सुटली तर आवाज तुटतो. बॅटरी बसली तर तो फाटतो, घरघरतो. पन्नास वर्षं मी हेच करत आलो आहे. हा आवाज तसा नव्हता जात. कुणीतरी नॉबवर बोटं ठेवून, घाई न करता, मजेमजेत फिरवावा तसा तो खाली खाली येत होता. मी पुढच्या नॉबकडे पाहिलं. तो पूर्ण वर होता आणि चष्मेवाल्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

गाणं कुजबुजीएवढं झालं. मग तेही गेलं.

एवढी शांतता मी तळ्यावर कधी ऐकली नव्हती. बेडूकसुद्धा नाही.

"रोज... इथेच," चष्मेवाले हळू आवाजात म्हणाले. "म्हणून म्हटलं, दांडगा द्या. ही शांतता नको वाटते काका. हिच्यात काहीतरी ऐकू येईल, असं वाटत राहतं..."

मागे शिडी वाजली. टक्. लोखंडावर ओला पाय पडावा तशी. होडी मागच्या बाजूला एवढीशी कलली आणि तशीच राहिली.

मागे बघायचा धीर झाला नाही. पण का कोण जाणे, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. दोनदा शब्द देऊन न पाळलेला माणूस होतो मी, आणि ज्यांना शब्द दिला होता त्या...

"चष्मेवाले," मी म्हणालो, "बाईंनी मला एक नॉब बसवायला सांगितला होता. मागे, शिडीजवळ."

"कधी?"

"ते घडलं त्याच्या दोन-अडीच आठवडे आधी."

"कशाला?"

"पाण्यातून हाक मारली तर... तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून."

काळोख वाढला होता, त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता.

"डॉक्टर म्हणाले होते, पायात पेटका आला असेल," ते म्हणाले. "क्षणात गेली असेल, हाक मारायलाही सवड मिळाली नसेल. दीड वर्ष मी तेवढ्यावर झोपतोय काका." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "म्हणजे ती हाक मारायची. आणि मला ऐकू जायची नाही."

मला वाटलं होतं, बोललो की माझं ओझं उतरेल. ते उतरलं नाहीच, वर त्यांच्याही डोक्यावर चढवलं. एवढं आयुष्य गेलं, पण कुठली गोष्ट कधी बोलावी हे मला कळलं नाही. वेळेवर एक नॉब बसवला असता तर बोलायची वेळच आली नसती.

धक्क्याला लागेपर्यंत गाणं परत आलं नाही. होडीचा मागचा भार मात्र लव्हाळं मागे पडल्यावर उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खणातला नॉब काढला. तळाच्या फळ्या उचकटल्या. चष्मेवाले बाकावर बसून मला एकेक स्क्रू देत होते. बाईंचा हात कुठवर पोचेल हे बघायला मी शिडी उतरून छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो आणि तिथे खूण केली. गुडघ्यांनी काही कुरकुर केली नाही. दोन तासांचं काम होतं. दोनच तासांचं.

त्यांनी होडी परत कधी काढली नाही. धक्क्यामागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ती ठेवली, वर ताडपत्री आवळून बांधली. शेडची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, "महिन्यातून एकदा बघत जा काका. मला जमणार नाही."

मी जातो. बॅटरी माझ्या दुकानात आहे, त्यामुळे वाजवायचं काही नसतं. गाठी सोडतो, धूळ झाडतो, मागचा नॉब पूर्ण वर फिरवतो आणि पुन्हा गाठी मारतो. पुढच्या महिन्यात जातो तेव्हा गाठी माझ्याच असतात, आणि नॉब पूर्ण खाली आलेला असतो.

ते मला आता खटकत नाही. मी ठोकळ्याशेजारी तासभर बसून राहतो. रेडिओ नाही, काही नाही. वयाने माझा एक कान गेलाय, दुसरा होडीकडे करतो. हाक आलीच, तर ह्या वेळी कुणीतरी ऐकायला असावं.

खटकतं ते शिडीचं. होडी पाण्यापासून पन्नास पावलांवर, शेडचं छत धड, जमीन फुफाट्याने भरलेली. पहिल्या महिन्यात शिडीची सगळ्यात खालची पायरी ओली होती. मी फडक्याने पुसली. पुढच्या महिन्यात ती कोरडी होती आणि तिच्या वरची ओली.

त्यानंतर मी पुसायचं सोडून दिलं. यायचं असेल तर येऊ दे, असं म्हणतो.

शिडीला चार पायऱ्या आहेत. परवा गेलो तेव्हा चारही कोरड्या होत्या. ओलं होतं ते आतलं बाक, चष्मेवाल्यांच्या जागेशेजारचं.