उजवा पुढे गेला

खालच्या स्वागतकक्षातून फोन आला तेव्हा वकीलबाई एका मोडलेल्या मणक्याच्या खटल्यात मानेपर्यंत बुडालेल्या होत्या.

"बाई, जरा खाली येता? एक बाई येऊन बसल्यात. उठायला तयार नाहीत."

"कोणाला भेटायचंय त्यांना?"

पलीकडची मुलगी घुटमळली. "माझा नवरा विकला गेला असं जो कोणी म्हणाला, त्याला भेटायचंय म्हणतात."

वकीलबाईंनी लिफ्टची वाट पाहिली नाही.

खाली काचेच्या दारापाशी काकू बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काका गेल्यापासून वकीलबाई त्यांना भेटायला दोनदा निघाल्या होत्या आणि दोन्ही वेळा विभागप्रमुख साहेबांनी बैठक लावली होती.

काका म्हणजे या विमा कंपनीच्या विधी विभागातले सगळ्यांत जुने वकील. अपघातात जखमी झालेल्यांनी भरपाईचा दावा लावला की कंपनीच्या बाजूने उभं राहायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर एक तारीख चुकवली नव्हती. मग एक चुकली. रंगाऱ्याच्या दाव्यात कंपनीचा वकील हजर नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला, काकांना घरी बसवलं गेलं, आणि चौकशी पुरती सुरू व्हायच्या आधीच ते झोपेत गेले. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, त्यामुळे चौकशीचं काम फार सोपं झालं.

"परवा तुमच्या मोठ्या बाई येणार म्हणे मुख्य कचेरीतून," काकू म्हणाल्या. "यांनी समोरच्या पार्टीशी हातमिळवणी केली, असा शेरा कायमचा बसणार. खरं का गं?"

"साहेबांचा अहवाल तसा आहे."

"मला एवढंच सांग. तुला तसं वाटतं?"

"नाही, काकू."

"मग ते तिकडे गेले का नाहीत? मला कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही." त्यांचा आवाज फुटला. "रात्रंदिवस तोच विचार करत गेले ते. माझंच ऐकण्यात चुकलं असेल म्हणायचे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कान ठणठणीत निघाले, तर आणखीच खचले."

वकीलबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "ऐकण्यात? काय ऐकलं होतं त्यांनी?"

"त्या सकाळी फोन आला होता, तुमच्या ऑफिसच्या नंबरावरून. हे बूट घालत होते. यांची सवय तुला ठाऊक आहे, समोरचा बोलला की तेच मोठ्यानं म्हणून दाखवायचं. म्हणाले, 'उजवा पुढे गेला, डाव्याला जायचं. बरोबर ना? बरं.' आणि निघाले."

"फोन कोणाचा?"

"तेच तर सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, समोरून साफ नकार आहे, मग नाव घेऊन काय करू?"

*

उजवा आणि डावा हे दोन पाय होते.

विधी विभागात दावेदारांना नावं नसायची. डोक्यावर इतकी प्रकरणं, की जो अवयव गेला तेच नाव. 'मणका कुणाकडे आहे?' 'डोळ्याची तारीख कधी?' ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी भाषा, पण सवयीने कुणाला काही वाटेनासं झालं होतं. त्या महिन्यात दोन पाय होते. एक रंगारी, एक शिवणकाम करणारी बाई. दोघांचा एकेक पाय ट्रकखाली गेलेला. दोन्ही दावे काकांच्या गळ्यात, आणि दोन्हींची सुनावणी एकाच दिवशी, दोन वेगळ्या गावांतल्या न्यायालयांत. काकांनी साहेबांकडे दुसरा वकील मागितला होता. साहेब म्हणाले होते, "बघतो."

साहेब विक्री विभागातून आलेले. न्यायालयाची पायरी कधी चढले नव्हते. त्यांचा एक नियम मात्र कडक होता, लेखी काही नको. "तोंडी सांगा, तोंडी ऐका. कागद वाढवू नका." त्यामुळे कोण कोणाला काय म्हणालं याचा मागमूस राहत नसे. चांगलं झालं तर साहेबांनी सांगितलेलं असायचं, बिनसलं तर ऐकणाऱ्याने चुकीचं ऐकलेलं असायचं.

त्या दिवशी शिवणकामवाल्या बाईंच्या न्यायालयातले न्यायाधीश रजेवर होते. सुनावणी पुढे गेली ती तिथली. काका मात्र नेमके तिथेच गेले आणि रंगाऱ्याकडे निकाल लागून गेला.

वकीलबाईंनी काकूंना चहा दिला, परवाच्या आत शोधून काढते असा शब्द देऊन घरी पाठवलं आणि त्या वर आल्या. त्या सकाळी ऑफिसात तिघंच लवकर आले होते. तिघंही म्हणत होते, आपण फोन केला नाही.

*

पहिले नाना, तारखा सांभाळणारे कारकून. काकांशी त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. खिडकीजवळच्या टेबलावरून दोघांचं वाजलं होतं.

"नाना, तारीख पुढे गेल्याचं तुम्हाला कोणी कळवलं?"

"तिथल्या कारकुनानं, सकाळीच."

"मग तुम्ही काकांना सांगितलं?"

नाना खाली बघत म्हणाले, "नाही. साहेबांना सांगितलं, त्यांच्या दारात उभा राहून. ते म्हणाले, मी बघतो. आमचं बोलणं नव्हतं हो ताई. साहेब सांगतायत तर बरंच झालं, असं वाटलं मला."

"शब्द काय होते तुमचे? उजवा की डावा?"

"मी पाय-बिय म्हणत नाही." नाना एकदम ताठ झाले. "माझ्या बापाचा हात गिरणीत गेला, तर त्याला जन्मभर थोटा म्हणायचे लोक. मी म्हणालो, शिवणवाल्या बाईंची तारीख पुढे गेली. एवढंच."

"साहेब म्हणतात, तुम्ही त्यांना काही सांगितलंच नाही."

"मग काय, माझा शब्द आणि त्यांचा शब्द. कुणाचा चालणार ते तुम्हीच सांगा."

दुसरी होती धाकटी, विभागातली सर्वांत नवी वकील. काका गेल्यावर त्यांची खोली तिला मिळाली होती, आणि ऑफिसात त्यावरून कुजबूज होती.

"तारीख पुढे गेल्याचं तुला कळलं होतं?"

"पाण्याच्या मशीनपाशी नाना म्हणाले होते."

"मग काकांना फोन का नाही केलास?"

"साहेब करतायत म्हणाले नाना." धाकटीचे डोळे भरले. "ती खोली मी मागितली नव्हती, ताई. मला तिथे बसवत नाही."

"शिवणकामवाल्या बाईंना तू भेटलीस कधी?"

"काकांबरोबर गेले होते, जबानी घ्यायला. आधी डाव्या पायानं पायडल दाबायची ती. आता उजव्याची सवय करतेय, शिवण वाकडी जाते म्हणाली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, आपल्याला हिच्या विरुद्ध उभं राहायचंय, निदान हिचं नीट ऐकून तरी उभं राहू."

*

तिसरे साहेब. केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर एक फलक होता. विभागातल्या मोठ्या दाव्यांचे फोटो त्यावर टाचलेले, वरून कोणी आलं की दाखवायला बरे. रंगाऱ्याचा फोटो कुबडी घेतलेला, समोर बघणारा. विजारीचा दुमडलेला पाय फोटोच्या डाव्या कडेला. बाजूच्या फोटोत शिवणकामवाल्या बाई, त्याही समोर तोंड करून.

"आता काय उकरून काढताय?" साहेब म्हणाले. "झालं ते वाईट झालं. मलाही दुःख आहे."

"त्या सकाळी तुम्ही काकांना फोन केला होता का, साहेब?"

"मुळीच नाही. मी दिवसभराच्या बैठकीच्या तयारीत होतो."

"नाना म्हणतात..."

"नानांचं वय झालंय. काकांचंही झालं होतं. त्या डाव्याची सगळी तयारी त्यांनीच केलेली, आणि ऐन वेळी माणूस गायब! याचा अर्थ काय घ्यायचा मी?"

"बैठकीत फोन चालू होते?"

"टोपलीत ठेवायला लावतो मी सगळ्यांचे, बाहेर. शिस्त नको?"

वकीलबाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. साहेब काहीतरी चुकीचं बोलले होते. इतकं लहानसं, की दुसऱ्या कोणी ते जीभ घसरली म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी वळून फलकाकडे पाहिलं. मग हात जोडून त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि काका जिथे गेले होते त्या न्यायालयात जाऊन आल्या.

*

मोठ्या बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. साहेबांच्या केबिनमध्ये त्या अहवाल उघडून बसल्या. नाना आणि धाकटी भिंतीला टेकून उभे. काकूंना आत घ्यायला साहेबांचा विरोध होता, तो मोठ्या बाईंनी हातानेच थांबवला.

"तुम्हाला काय सांगायचंय?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

"आधी साहेबांना एकच विचारते. साहेब, काकांनी जी सुनावणी चुकवली, तो दावा यातला कोणता?"

साहेबांनी वैतागून फलकाकडे बोट केलं. "हा काय, रंगारी. डावा."

धाकटीने झटकन मान वर केली. नानांच्या तोंडून "अहो..." निघालं आणि तिथेच थांबलं.

"रंगाऱ्याचा उजवा पाय गेलाय, साहेब," वकीलबाई म्हणाल्या.

"काहीतरीच काय? दिसतंय की समोर!"

"समोर दिसतंय, हेच तर झालं. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा उजवा आपल्याला डावीकडे दिसतो. नाना त्याला तारखांना भेटलेत, धाकटीने जबान्या घेतल्यात, काकांनी तर त्याच्या घरी जाऊन त्याची जखम पाहिली होती. या विभागात त्याला डावा म्हणणारा एकच माणूस असू शकतो. ज्याने फाईल कधी उघडली नाही, फक्त खुर्चीत बसून फोटो पाहिला, असा."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढे?"

"नाना साहेबांना म्हणाले, शिवणवाल्या बाईंची तारीख पुढे गेली. फोन करणाऱ्याने ते पायांच्या भाषेत फिरवलं. बाईंचा गेलाय डावा. नानांनी किंवा धाकटीने फिरवलं असतं तर 'डावा पुढे गेला' म्हटलं असतं, आणि काका बरोबर रंगाऱ्याकडे गेले असते. पण काकांना फोनवर ऐकू आलं, 'उजवा पुढे गेला, डाव्याला जा.' त्यांनी ते म्हणून दाखवलं, बरोबर ना असंही विचारलं. काकूंनी ते स्वतः ऐकलंय. ऐकण्यात चूक असती तर फोन करणाऱ्याने तिथेच दुरुस्त केली असती. त्याने केली नाही, कारण त्याच्या लेखी ते बरोबरच होतं."

"कशावरून?" साहेब उसळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला शिकवताय? मी स्पष्ट सांगितलं होतं त्यांना! उजवा गेला, डाव्याला जा! तेच उलटीकडे गेले त्याला मी..."

ते थांबले.

"म्हणजे फोन तुम्ही केलात," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेब खाली बसले. त्यांनी फलकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग पुन्हा फलकाकडे. वकीलबाईंना त्या क्षणी कळलं की या माणसाला आत्तापर्यंत खरंच काही उमगलं नव्हतं. तो फोन लपवत होता तो एवढ्याचसाठी, की ऐन सकाळी एका थकलेल्या माणसाला तोंडी पिटाळल्याचं वर कळू नये. आपण त्याला चुकीच्या गावी धाडलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काकांनी येऊन विचारलं असेल तुम्हाला," वकीलबाई म्हणाल्या. "फोन केला होता एवढं कबूल केलं असतंत, तर दोघांनी बसून पाच मिनिटांत उलगडलं असतं हे. तुम्ही म्हणालात, फोनच केला नाही. त्यांनी स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवला, पण फाईल न वाचता कोणी हुकूम सोडत असेल, ही शंका काही त्यांना आली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. आणि ते गेल्यावर तुम्ही त्यांना विकाऊ ठरवलंत."

साहेब काहीतरी पुटपुटले. बहुधा 'बघतो' असंच काहीतरी. मोठ्या बाईंनी अहवाल मिटला आणि त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मग त्या उठून काकूंसमोर गेल्या.

"तुमच्या मिस्टरांवर कोणताही शेरा राहणार नाही. मी स्वतः तसं लेखी देते."

काकूंनी मान डोलावली. नाना पुढे आले. ते काकूंसमोर हात जोडून उभे राहिले. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

*

वकीलबाई काकूंना सोडायला खाली आल्या. दोघी रिक्षाची वाट बघत फुटपाथवर उभ्या राहिल्या.

"तू तिकडे जाऊन आलीस काल," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी हे तिथे काय करत होते?"

"तिथला शिपाई भेटला. काका सकाळीच पोचले होते. न्यायाधीश रजेवर आहेत हे कळल्यावर त्यांना शंका आली. मग बाकावर बसून ऑफिसला फोन लावत राहिले. सगळे बैठकीत, फोन टोपलीत, कुणी उचलला नाही. न्यायालय बंद होईपर्यंत तिथेच होते. कोट काढला नव्हता म्हणाला. कधीही ऑफिसचा फोन येईल आणि निघावं लागेल म्हणून."

"संध्याकाळपर्यंत?"

"हो."

काकूंनी पर्स छातीशी धरली.

"जेवले होते का गं?"

वकीलबाईंनी सगळ्यांना सगळं विचारलं होतं. कोण कुठे होतं, कोणी कोणाला काय सांगितलं, कोणत्या शब्दात सांगितलं. एवढं एक विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, काकू. शिपायाचा नंबर आहे माझ्याकडे. विचारू?"

"विचार," काकू म्हणाल्या. समोर रिक्षा येऊन थांबली होती. त्यांनी तिला हातानेच पुढे जायला सांगितलं. "मी थांबते."