‘नंतर आठवण करा’

राहुरीच्या तहसील कचेरीसमोर सायलीचं टायपिंगचं दुकान. सप्टेंबरातल्या एका दुपारी जोराची सर आली आणि एक तरुण मोटारसायकल तशीच रस्त्याकडेला लावून तिच्या पत्र्याखाली, तिथून आत, असा येऊन उभा राहिला. केसांतून पाणी ठिबकत होतं. रेनकोट मात्र त्यानं पाठीवरच्या बॅगेला घातला होता.

सायलीनं एका नजरेत सगळं टिपलं. चपला पाहून अर्ज रेशनचा की वारसनोंदीचा हे सांगणारी मुलगी ती. स्वतः भिजून बॅग कोरडी ठेवणारा माणूस… एक तर वेडा, नाही तर कामाचा.

“काय काढायचंय? झेरॉक्स, प्रिंट… की नुसता आडोसा?”

“आडोसा,” तो म्हणाला. “एकच प्रत.”

“मग जरा तिकडं सरका. प्रिंटरवर ठिबकताय.”

तो सरकला आणि सरकता सरकता त्याची नजर तिच्या स्क्रीनवर गेली. तिथं रोजची पाटी उगवली होती — नवीन विंडोज टाका, जुनीची देखभाल चौदा ऑक्टोबरपासून बंद. खाली दोन बटणं : ‘आत्ता’ आणि ‘नंतर आठवण करा’. सायलीनं सवयीनं दुसरं दाबलं.

“किती दिवस दाबताय हे?”

“वर्ष झालं. मामी स्थळ घेऊन आली की तिलाही हेच ऐकवते. दोन्हीकडं चालतं.”

कोपऱ्यातल्या खुर्चीतलं वर्तमानपत्र खाली आलं. त्यामागून सायलीचे वडील बन्सीकाका निघाले. कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती; आता मशीन मुलीचं, खुर्ची त्यांची.

“परक्या मानसाला घरातलं सांगत्यात व्हय, पोरी?”

तरुणानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं पाहिलं आणि हात जोडले. “जय भीम, काका. मी सम्राट. नगरचा. इथल्या कृषी विद्यापीठाच्या ऑफिसांत हेच करतोय, जुनी विंडोज काढून नवी टाकायची. ऑक्टोबरअखेर कंत्राट आहे.” मग सायलीकडं वळून, “तुम्ही का टाकत नाही?”

सायलीनं मशीनच्या मागं लावलेली अंगठ्याएवढी डबी दाखवली. “ही नसेल तर आमचं मराठी सॉफ्टवेअर उघडत नाही. दोन हजार नऊचं आहे. नव्या विंडोजवर ही चालत नाही म्हणतात. आणि आत सोळा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. लोक येऊन म्हणतात, थोरलीची पत्रिका उघड, फक्त नवरा बदल.”

“दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली?”

“नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. वधू कोण, वर कोण, पत्ता लागत नाही.”

“पण जुनीवरच राहिलात तर मशीन उघडं पडेल. लोकांचे आधार नंबर, बँकेचे कागद हाताळता तुम्ही. आणि सरकारी साइट एकेक करून उघडायच्या थांबतील.”

हे सायलीला माहीत होतं. म्हणूनच ती रात्री कूस बदलत होती. अर्ज गेले तर दुकान अर्धं, पत्रिका गेल्या तर उरलेलं अर्धं.

“मी बघतो काहीतरी,” तो म्हणाला. पाऊस केव्हाच थांबला होता. दोघांपैकी कुणीच तसं बोललं नव्हतं. “शनिवारी येतो.”

शनिवारी विद्यापीठाची ऑफिसं बंद. म्हणजे हा माणूस सुट्टीच्या दिवशी, नगर-मनमाड रस्त्याचे सगळे खड्डे अंगावर घेत, एका डबीसाठी येणार. हा हिशेब सायलीनं त्याच्या पाठमोऱ्या गाडीकडं बघत केला. उत्तर आवडलं म्हणून पुन्हा एकदा केला.

तो आला. पहिल्या शनिवारी त्यानं सगळ्या फाइली आपल्या नव्या विंडोजच्या लॅपटॉपवर घेतल्या. दुसऱ्या शनिवारी डबी काढून लॅपटॉपला लावून पाहिली. “अजून बघावं लागेल,” म्हणाला. तिसऱ्या शनिवारी मशीनला डबीच दिसेना, तेव्हा अर्धा तास टेबलाखाली होता. बाहेर आला तो कपाळाला धूळ घेऊन. सायलीनं ओढणीचं टोक पुढं केलं… आणि वडील बसलेत हे आठवून तोच हात प्रिंटरच्या काचेवर फिरवला. काच स्वच्छच होती.

चौथ्या शनिवारी त्यानं तिच्या कीबोर्डवर मराठी टाइप करून बघितलं.

“‘क’ कुठंय?”

“तिथं नाही. इथं.” तिनं बोट ठेवलं. त्याचंही तिथंच आलं. दोघांनी मिळून जरा जास्तच ‘क’ टाइप केले.

“हा कसला कीबोर्ड! माणसानं शिकायचा तरी कसा?”

“माझ्या बापाला दोन बोटांनी आला. तुम्हाला दहा आहेत.”

चौदा ऑक्टोबर आला आणि गेला. पाटी आता दिवसातून तीनदा उगवू लागली. एकदा सम्राट येऊन गेल्यावर सायली म्हणाली, “अण्णा, हे मशीन काही बरं व्हायचं लक्षण नाही.”

वर्तमानपत्र हललंसुद्धा नाही. “मशीन आजारी न्हाई, पोरी. डाक्टर आजारी हाय. आन् त्याला बरं व्हायचं न्हाई.”

शेवटच्या शनिवारी सम्राट आला तेव्हाच त्याचं हसू अर्धं होतं. डबी आजही दिसत नव्हती. त्यानं टेबलाखाली जाऊन ती दिसती केली. लॅपटॉप तिच्या बोर्डाला चार्जिंगला लावला, सगळी दुपार काहीबाही उघडलं, मिटलं. निघताना हेल्मेट हातात फिरवत म्हणाला,

“सोमवारपासून धुळ्याला. पुढचं काम तिकडं आहे.”

“अच्छा…” सायली म्हणाली. “मग आमच्या डबीचं?”

“कळवतो.”

“नंतर?”

“हं… नंतर.”

गाडी गेली. दुकानात एकदम जागा फार झाली. स्क्रीनवर पाटी उगवली. सायलीनं कुठलंच बटण दाबलं नाही. वीस मिनिटांनी मोबाईल वाजला. सम्राटचा मेसेज : इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, ओळीच्या ओळी.

दुसरी कुणी असती तर मोबाईल बिघडला म्हणाली असती. सायलीनं सोळा वर्षांचा तो गोंधळ पहिल्या ओळीतच ओळखला. मेसेज मशीनवर घेतला, जुना फॉन्ट लावला. कंसांची अक्षरं झाली.

‘सायली, डबी दुसऱ्याच शनिवारी नव्या विंडोजवर चालू झाली होती. सांगितलं असतं तर तिसऱ्या शनिवारी कशाला आलो असतो? तुमचा कीबोर्ड शिकायला अकरा दिवस लागले. बोटं चुकतात, पण मन चुकलेलं नाही. तुम्ही मला आवडता. धुळं लांब आहे, पण शनिवार तिथंही येतो.’

तिनं दोनदा वाचलं. आधी कान तापले, मग डोकं. म्हणजे तीन शनिवार आपण झोपेविना, आणि औषध याच्या खिशात! रागानं कीबोर्ड ओढला आणि त्याच फॉन्टात चार ओळी बडवून पाठवून दिल्या.

लगेच फोन. मागं ट्रकांचे हॉर्न.

“सायली, मोबाईलवर वाचता येत नाहीये.”

“लॅपटॉप उघडा की. फॉन्ट आहे त्यात.”

“चार्जिंग संपलंय…”

दुपारभर तो लॅपटॉप तिच्याच बोर्डाला लावलेला होता. सायली ओठ दाबून हसली.

“मग या. इथं वाचता येईल.”

तो आला तेव्हा ती खुर्चीवरून उठून बाजूला उभी राहिली. स्क्रीनवर लिहिलं होतं : ‘तुम्ही चोर आहात. मीही आहे. तिसऱ्या शनिवारपासून तुम्ही यायच्या आधी डबी मीच अर्धी उपसून ठेवायचे. मशीन बरं झालं तर तुम्ही याल कशाला, ही भीती होती.’

सम्राटनं वाचलं. मान वर केली. “माहीत होतं. टेबलाखाली अर्धा तास मी काय झोपा काढत होतो?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलला होतात का?”

खुर्चीतून वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. “नवी विंडोज टाकायला किती येळ लागतो, इंजिनियर?”

“दोन तास, काका. सगळ्या फाइलींची प्रत काढलेली आहे.”

“मग टाका. मी च्या पिऊन येतो. लांबच्या हाटेलात जातो.” दारात थांबून त्यांनी मागं पाहिलं. “डबीला आता कुनी हात लावू नका.”

स्क्रीनवर पाटी उगवली. सायलीनं माऊस धरला. बाण नेहमीसारखा उजवीकडं निघाला, थबकला. तिच्या हातावर सम्राटचा हात आला. बाण डावीकडं गेला. ‘आत्ता’.

पडदा निळा झाला. मशीन बंद करू नका, अशी सूचना आली.

“आणि मामी?” त्यानं हळूच विचारलं. “परत स्थळ घेऊन आली तर?”

सायलीनं हात काढला नाही.

“सांगेन, मशीन बदललं. ते बटण आता येत नाही.”